यात्रेची जुनी गाडी टायर का खाते? अलाइनमेंट, हवा आणि टायर निवडीची सविस्तर माहिती

सोलापूर जिल्ह्यात गावोगावी एखादी तरी जुनी क्रुझर, ट्रॅक्स, बोलेरो नाहीतर टेम्पो ट्रॅव्हलर दिसते. आषाढी-कार्तिकीला दिंडीच्या मागे, नवरात्रात तुळजापूरला, कधी अक्कलकोट, जेजुरी, शिखर शिंगणापूर, तर उन्हाळ्याच्या सुट्टीत घाट उतरून कोकणात. वर्षात अशा चार-पाच मोठ्या फेऱ्या होतात आणि बाकीचे दिवस गाडी लिंबाखाली उभी असते. बऱ्याच जणांनी मागच्या सीट काढून झोपायला फळ्या टाकल्या आहेत. शेगडी, सिलिंडर, पाण्याची टाकी, टपावर कॅरिअर असा सगळा संसार त्यातच असतो. शहरातले लोक याला कॅम्पर व्हॅन म्हणतात. राज्य सरकारने २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरणही आणले. आपल्याकडे मात्र ही गाडी त्याच्या कितीतरी आधीपासून धावते आहे.

या गाड्यांच्या मालकांची तक्रार बहुतेक एकच असते. चार नवे टायर टाकले आणि वर्षही झाले नाही तोवर पुढचे दोन एका कडेने सपाट झाले. टायरवाला म्हणतो अलाइनमेंट बिघडले, अलाइनमेंटवाला म्हणतो टायर हलका आहे, फिटर म्हणतो रस्ताच खराब. तिघांचेही थोडे थोडे खरे असते. खरी चूक होते ती कामाच्या क्रमात. आधी टायर, मग अलाइनमेंट आणि शेवटी कधीतरी खालचे काम, अशा उलट्या क्रमाने पैसा जातो. क्रम असा हवा : आधी खालचा ढिलेपणा काढा, मग गाडीचे वजन तपासा, त्या वजनाला पेलणारे टायर निवडा आणि सगळ्यात शेवटी अलाइनमेंट करा. यात पैसा तर वाचतोच, पण घाटात बारा-पंधरा माणसे त्या चार टायरांच्या भरवशावर बसलेली असतात, हे त्याहून मोठे कारण आहे.

टायरची घासण काय सांगते

गाडी मेकॅनिककडे नेण्याआधी टायरवरून हात फिरवा. घासण कुठे आहे त्यावरून निम्मा रोग कळतो.

• दोन्ही कडा घासल्या, मधला भाग शाबूत : हवा कमी किंवा वजन जास्त.

• मधला भाग घासला, कडा शाबूत : हवा जास्त.

• फक्त आतली किंवा फक्त बाहेरची कड गेली : चाक वरून आत-बाहेर कलले आहे किंवा टो बिघडला आहे.

• हात एका दिशेने फिरवला तर गुळगुळीत लागते, उलट फिरवला तर करवतीसारखे टोचते : टो बिघडला आहे. बाहेरून आत गुळगुळीत आणि आतून बाहेर टोचत असेल, तर चाके पुढून जास्त आत वळलेली आहेत.

• जागोजागी खड्डे पडल्यासारखी घासण : शॉकॅब्सर संपले, बेअरिंग ढिले किंवा चाकाचे बॅलन्सिंग नाही.

टायर बदलण्याआधी या घासणीचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. जुना टायर दुकानात गेला की हा पुरावाही जातो.

अलाइनमेंट म्हणजे नेमके काय?

अलाइनमेंटमध्ये मुख्य तीन मापे असतात. टो, कॅम्बर आणि कॅस्टर.

टो : माणूस चालताना पाय आत टाकतो की बाहेर फाकतो, तसेच चाकांचे. दोन्ही चाके पुढच्या बाजूने जवळ असतील तर टो-इन, लांब असतील तर टो-आउट. टायर सगळ्यात लवकर खाते ते हेच माप.

हिशेब करून पाहा. बोलेरोला येणारा २१५/७५ आर १५ टायर सुमारे ७०३ मिलिमीटर व्यासाचा असतो. टो फक्त ६ मिलिमीटरने चुकला, म्हणजे प्रत्येक चाकाला ३ मिलिमीटर, तर ते चाक एक किलोमीटर पळताना सुमारे ४ मीटर आडवे घासते. हजार किलोमीटरच्या यात्रेत हेच घासणे चार किलोमीटर होते. डांबरावर रबर चार किलोमीटर आडवे ओढल्यावर काय उरणार?

कॅम्बर : समोरून पाहिल्यावर चाक सरळ उभे आहे की वरून आत किंवा बाहेर झुकले आहे. गवंड्याचा ओळंबा चाकाशेजारी धरला तरी मोठा फरक डोळ्यांना दिसतो. मात्र त्यासाठी गाडी सपाट जागी हवी.

कॅस्टर : सायकलचा पुढचा चिमटा थोडा तिरका असतो, म्हणून हात सोडले तरी सायकल सरळ पळते. गाडीच्या पुढच्या चाकालाही असाच तिरकेपणा दिलेला असतो. तो कमी झाला की वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ येत नाही, सरळ रस्त्यावर गाडी भरकटते आणि ड्रायव्हरला सारखे सावरावे लागते. लांबच्या प्रवासात दंड भरून येतात, त्याचे हे एक कारण. कॅस्टरमुळे टायर फारसा घासत नाही, म्हणून त्याकडे कुणी बघत नाही.

अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग ही दोन वेगळी कामे आहेत. गाडी एका बाजूला ओढते किंवा टायर खाते तेव्हा अलाइनमेंट बघायचे. साधारण ७० ते ९० च्या वेगात स्टिअरिंग थरथरते आणि वेग कमी केला की थांबते, तेव्हा बहुधा बॅलन्सिंग. रिमला शिशाचे तुकडे लावतात ते बॅलन्सिंग.

आधी ढिलेपणा काढा

जुन्या गाडीत सगळ्यात महत्त्वाचे काम हेच आहे. खाली प्ले असेल तर मशिनवर माप हिरवे दिसेल, पण दुकानातून बाहेर पडून पहिल्या खड्ड्यात चाक गेले की ते माप बदलेल. म्हणून गाडी अलाइनमेंटला नेण्याआधी घरीच ही तपासणी करा.

सपाट, टणक जागी गाडी उभी करा. मागच्या चाकांना पुढून-मागून उटी लावा, हँडब्रेक ओढा. पुढचे एक चाक जॅकवर उचला आणि एक्सल किंवा चेसिसखाली मजबूत स्टँड द्या. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली कुणीही शिरू नये.

१. चाक वर आणि खाली धरून हलवा. खटखट वाजले तर बेअरिंग ढिले आहे किंवा किंगपिन बुश अथवा बॉल जॉइंट गेला आहे. नेमके काय, ते ओळखायची सोपी युक्ती आहे. दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगा आणि चाक पुन्हा हलवा. प्ले गेला तर दोष बेअरिंगचा. तसाच राहिला तर किंगपिन किंवा बॉल जॉइंटचा.

२. चाक डावी-उजवीकडे धरून हलवा. इथे प्ले लागला तर टाय रॉड एंड तपासा. स्टिअरिंग बॉक्सचे बोल्टही बघा.

३. चाक हाताने फिरवा. घरघर आली तर बेअरिंग. फिरवताना चाक मध्येच लटपटले तर रिम वाकलेली.

४. पाट्यांखाली वाकून बघा. एखादा पाटा तुटलाय का, यू बोल्ट ढिले आहेत का, शॅकल बुश झिजलेत का.

यातला चौथा मुद्दा पुष्कळदा राहून जातो. यू बोल्ट ढिले पडले की पाट्यांना एक्सलवर जागच्या जागी धरणाऱ्या सेंटर बोल्टवर ताण येतो आणि तो तुटतो. मग मागचा एक्सल एका बाजूने थोडा मागे-पुढे सरकतो आणि गाडी खेकड्यासारखी तिरकी पळायला लागते. पुढच्या चाकांचे कितीही अलाइनमेंट केले तरी स्टिअरिंग सरळ राहत नाही, कारण दोष मागे असतो.

हे घरी तपासता येते. स्टिअरिंग सरळ ठेवून गाडी सपाट फरशीवर उभी करा. चारही चाकांच्या मध्यावरून ओळंबा सोडून जमिनीवर खडूने खूण करा. मग टेपने डाव्या बाजूच्या पुढच्या-मागच्या खुणांमधले अंतर मोजा, तसेच उजव्या बाजूचे. दोन्ही सारखी यायला हवीत. सेंटिमीटरभर फरक आला तर अलाइनमेंटवाल्याकडे नव्हे, पाटेवाल्याकडे जा.

गाडी ओढते, पण कुणामुळे?

आपले रस्ते पाणी जावे म्हणून डाव्या कडेला उतरते असतात. त्यामुळे स्टिअरिंग सैल सोडल्यावर गाडी हळूच डावीकडे सरकणे हे साहजिक आहे. जोराने ओढत असेल तर मात्र कारण शोधले पाहिजे.

पहिल्यांदा दोन्ही टायरांची हवा सारखी करा. तरी ओढते? मग पुढचे डावे-उजवे टायर आपसात बदला. ओढ विरुद्ध बाजूला गेली तर दोष टायरचा. तशीच राहिली तर चार-पाच किलोमीटर चालवून दोन्ही रिमना मध्याजवळ हात जपून लावून बघा. एक जास्त तापली असेल तर त्या चाकाचा ब्रेक चिकटतो आहे. हे सगळे ठीक असेल तर अलाइनमेंट.

वजनकाट्यावर एकदा तरी जा

टायर निवडताना बहुतेक जण फक्त माप सांगतात. वजन कुणी सांगत नाही, कारण ते कुणी मोजलेलेच नसते. आपल्या जिल्ह्यात साखर कारखान्यांमुळे वजनकाटे जागोजागी आहेत. यात्रेला निघताना जसा भरतो तसा सगळा संसार भरा. टाकी पाण्याने, सिलिंडर जागेवर, टपावरचे सामान टपावर आणि माणसे गाडीत. मग काट्यावर दोन वजने घ्या. एक पूर्ण गाडीचे आणि दुसरे फक्त मागची चाके काट्यावर ठेवून. पुढचे वजन वजाबाकीने निघते.

समजा मागच्या चाकांवर १,९०० किलो भरले. म्हणजे एका टायरवर ९५० किलो. आता टायरच्या कडेवर मापापुढे जो आकडा असतो तो बघा. त्याला लोड इंडेक्स म्हणतात. त्याचा अर्थ असा :

• ९५ म्हणजे ६९० किलो
• १०० म्हणजे ८०० किलो
• १०४ म्हणजे ९०० किलो
• १०६ म्हणजे ९५० किलो
• १०८ म्हणजे १,००० किलो
• ११० म्हणजे १,०६० किलो
• ११२ म्हणजे १,१२० किलो

वरच्या उदाहरणात १०० चा टायर सरळ-सरळ कमी पडतो. १०६ काठावर आहे. ओझे दोन्ही बाजूंना कधीच अगदी सारखे नसते, आणि वळणावर बाहेरच्या चाकावर जास्त भार येतो. म्हणून १०८ किंवा त्यापुढचा घ्यायला हवा.

फसगत होते ती इथेच. २१५/७५ आर १५ या एकाच मापात प्रवासी गाडीचे हलके टायरही मिळतात आणि ओझ्याच्या गाडीचे जाड टायरही. माप तेच, रिमवर बसतोही, भाव कमी, म्हणून हलका टायर घेतला जातो आणि मे महिन्यात भर रस्त्यात फुटतो. ओझ्याच्या टायरवर बहुधा ‘एलटी’ ही अक्षरे असतात किंवा मापाला ‘सी’ जोडलेला असतो, आणि लोड इंडेक्सचे दोन आकडे तिरक्या रेघेने दिलेले असतात. पहिला आकडा एकेरी चाकासाठी, दुसरा मागे जोडचाके असतील तेव्हाचा.

एकूण वजन आरसी बुकातल्या वजनापेक्षा जास्त भरले, तर त्यावर मोठा टायर हा उपाय नाही. ब्रेक, पाटे, एक्सल सगळे त्याच वजनासाठी बनवलेले असतात. सामान कमी करा, निदान टपावरचे जड सामान खाली आणा. गाडीच्या रचनेत मोठा बदल करायचा असेल तर आरटीओची परवानगी आधी घ्या.

टायरवरचे आकडे कसे वाचायचे

२१५/७५ आर १५ : २१५ ही टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. ७५ म्हणजे कडेची उंची रुंदीच्या ७५ टक्के. आर म्हणजे रेडियल. १५ ही रिम इंचांत.

जुन्या गाड्यांवर ७.००-१५ असे माप दिसते. हे रुंदी इंचांत सांगणारे जुने माप आहे. मधे आर नसेल तर तो साधा नायलॉनचा टायर. त्यावर ‘१० पीआर’, ‘१२ पीआर’ असे असते. पूर्वी तेवढे कापडाचे थर असत. आता तो ताकदीचा दर्जा समजायचा, थर मोजायचे नाहीत.

वेगाचे अक्षर : लोड इंडेक्सला चिकटून इंग्रजी अक्षर असते. एल म्हणजे ताशी १२० किलोमीटर, एन म्हणजे १४०, क्यू म्हणजे १६०, एस म्हणजे १८०. जुन्या गाडीने इतके पळायचेच नाही, त्यामुळे वेगापेक्षा वजनाचा आकडा बघा.

तारीख : लंबगोल चौकटीत चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. पहिले दोन आठवडा, शेवटचे दोन साल.

यात्रेच्या गाडीला ही तारीख फार महत्त्वाची. रोज धावणाऱ्या गाडीचा टायर घासून संपतो, उभ्या गाडीचा टायर म्हातारा होऊन संपतो. नक्षी नव्यासारखी दिसते, पण उन्हाने आणि हवेने रबर कडक झालेले असते, कडेला बारीक भेगा पडलेल्या असतात. पाच वर्षांनंतर दरवर्षी टायर काढून आतून-बाहेरून जाणकाराकडून तपासून घ्या. दहा वर्षे झाली की नक्षी कितीही असो, टायर काढून टाका. स्टेपनीलाही हाच नियम. कितीतरी गाड्यांची स्टेपनी गाडीच्याच वयाची असते, आणि तिची आठवण घाटात अडकल्यावर येते.

नक्षीची खोली : कायद्याने चारचाकीला किमान १.६ मिलिमीटर नक्षी हवी. टायरच्या खाचांमध्ये आडवे उंचवटे असतात. नक्षी त्या उंचवट्यांबरोबर आली की टायर संपला. पावसाळ्याच्या तोंडावर यात्रा असेल तर तिथवर थांबूच नये. आषाढीचा पाऊस आणि गुळगुळीत टायर एकत्र आले की ब्रेक दाबूनही गाडी थांबत नाही.

मोठा टायर टाकला तर?

गाडी उंच आणि रुबाबदार दिसते म्हणून काही जण २१५ च्या जागी २३५ टाकतात. २३५/७५ आर १५ चा व्यास सुमारे ७३३ मिलिमीटर, म्हणजे चार टक्क्यांहून जास्त. स्पीडोमीटर ६० दाखवतो तेव्हा गाडी ६२ च्या पुढे असते. चढाला इंजिन दमते, ब्रेकला जास्त जोर लागतो आणि पूर्ण स्टिअरिंग वळवले की टायर पाट्याला किंवा मडगार्डला घासतो. कंपनीने दिलेले माप ठेवा, बदल करायचाच तर लोड इंडेक्समध्ये वरचा घ्या.

नक्षी कोणती? यात्रेच्या गाडीचा बहुतेक प्रवास डांबरी आणि काँक्रीट रस्त्यावर होतो. त्याला साधी रस्त्याची नक्षी बरी. गोळ्या-गोळ्यांची चिखलाची नक्षी डांबरावर आवाज करते, लवकर झिजते आणि ओल्या रस्त्यावर कमी धरते. नायलॉन टायर असतील तर पुढे लांब रेघांचे रिब आणि मागे लग, ही जुनी पद्धत योग्यच आहे.

हे मात्र करू नका :

• एकाच एक्सलवर एक रेडियल आणि एक नायलॉन.
• एकाच एक्सलवर वेगळ्या मापाचे किंवा खूप वेगळ्या झिजेचे टायर.
• पुढच्या चाकाला रिट्रेड म्हणजे रबर चढवलेला टायर.
• खाचा पुन्हा कोरून नवा दाखवलेला जुना टायर.
• ट्यूबच्या जुन्या रिमवर ट्यूबलेस टायर बिनट्यूबचा बसवणे. त्या रिमला टायरची कड धरून ठेवणारा उंचवटा नसतो.

दोनच टायर घ्यायचे पैसे असतील तर? आपल्याकडे नवे टायर पुढे टाकायची रीत आहे. टायर कंपन्या मात्र नवे टायर मागे टाका असे सांगतात. ओल्या रस्त्यावर पुढचे चाक घसरले तर ड्रायव्हरला स्टिअरिंगमध्ये कळते आणि तो वेग कमी करतो. मागचे घसरले तर गाडी फिरते आणि सावरायला वेळच मिळत नाही. मात्र पुढे राहणारे जुने टायरही शाबूत हवेत. भेगाळलेला, फुगवटा आलेला टायर कुठल्याच चाकाला नको.

हवा : सगळ्यात स्वस्त औषध

‘उन्हाळ्यात हवा कमी ठेवायची, नाहीतर टायर फुटतो’ हा समज गावोगावी आहे आणि तो उलटा आहे. हवा कमी असली की टायरची कड प्रत्येक फेऱ्यात जास्त दबते आणि सुटते. तार सारखी वाकवली की तापते, तसेच टायर आतून तापते. वरून ओझे, खालून तापलेला रस्ता आणि तासन् तास न थांबता वेग. समृद्धीसारख्या ७०१ किलोमीटरच्या महामार्गावर कमी हवेच्या जुन्या टायरची खरी परीक्षा होते.

• हवा सकाळी, गाडी न चालवता, टायर थंड असताना तपासा.

• पुढची-मागची हवा किती, हे गाडीच्या दारावरच्या पट्टीवर किंवा पुस्तकात असते. भरलेल्या गाडीचा आकडा वेगळा असतो, तो घ्या. टायरच्या कडेवर छापलेला आकडा हा कमाल मर्यादेचा असतो, तो भरायचा आकडा नव्हे.

• वाटेत टायर तापल्यावर हवा वाढलेली दिसते. ती सोडू नका. थंड झाल्यावर ती कमीच भरेल.

• हवेचे एक चांगले मीटर विकत घेऊन गाडीत ठेवा. प्रत्येक पंपावरचा काटा वेगळे सांगतो.

• नायट्रोजन वाईट नाही, पण साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. महिन्याला हवा तपासणे त्याहून मोलाचे.

• ट्यूबचा टायर असेल तर नव्या टायरमध्ये नवीच ट्यूब घाला. ताणलेली जुनी ट्यूब आत घडी पडून फाटते.

अलाइनमेंटला गेल्यावर काय विचारायचे

१. दुकानातले मशिन आणि रॅम्प आपल्या गाडीच्या लांबीला-वजनाला चालतात का? काही दुकाने फक्त लहान कारचीच असतात.

२. कॉम्प्युटरमध्ये आपले मॉडेल आहे का? जुने मॉडेल नसेल तर काही वेळा जवळपासचे दुसरे निवडून काम उरकले जाते. गाडीच्या पुस्तकातली मापे मोबाइलवर फोटो काढून न्या आणि तीच टाकायला सांगा.

३. गाडी नेहमीच्या ओझ्यासकट न्या. बोलेरोसारख्या गाडीला पुढे दोन्ही चाकांचे सस्पेन्शन स्वतंत्र असते. गाडी दबली की चाकाचा कोन बदलतो. फळ्या, टाकी, पेटी नेहमी गाडीतच असतील तर त्यांच्यासकट माप घ्यायला हवे.

४. क्रम विचारा. आधी हवा, मग कॅस्टर, मग कॅम्बर आणि सगळ्यात शेवटी टो. उलट केले तर टो पुन्हा बिघडतो.

५. आधीचे आणि नंतरचे अशा दोन्ही मापांचा छापील कागद मागा. नुसते ‘झाले’ हे उत्तर घेऊ नका.

६. बाहेर पडल्यावर सरळ रस्त्यावर चालवून बघा. स्टिअरिंग मधोमध हवे.

ज्या गाड्यांना पुढे एकसंध एक्सल आणि पाटे आहेत, त्यांच्यात कॅम्बर पाना लावून बदलता येत नाही. तो चुकला म्हणजे किंगपिन झिजले किंवा एक्सल वाकला. एक्सल गॅसने लाल करून ठोकून सरळ करू देऊ नका, पोलादाची ताकद जाते. कॅस्टर सुधारायला पाटे आणि एक्सलच्या मधे पाचर देतात. टो मात्र टाय रॉडच्या आट्यांवर सहज बसतो.

घरी टो तपासायची दोरी-टेपची पद्धत

तालुक्याला जाण्याआधी अंदाज हवा असेल तर हे करा. सपाट जागी गाडी काही फूट पुढे नेऊन सरळ थांबवा, मागे घेऊ नका. दोन्ही पुढच्या टायरांच्या मागच्या बाजूला, चाकाच्या मध्याच्या उंचीवर, नक्षीच्या एका ठरावीक रेघेवर खडूची खूण करा. दोन खुणांमधले अंतर मोजा. आता गाडी हळूच पुढे ढकला, त्याच खुणा अर्धा फेरा होऊन पुढच्या बाजूला त्याच उंचीवर येतील तिथे थांबा. पुन्हा अंतर मोजा. मागचे अंतर जास्त असेल तर टो-इन, पुढचे जास्त असेल तर टो-आउट. आलेला फरक गाडीच्या पुस्तकातल्या मापाशी ताडून पाहा. खुणा त्याच ठेवल्याने रिम थोडी वाकडी असली तरी माप चुकत नाही.

ही पद्धत रोग ओळखण्यापुरती. शेवटचे माप मशिनवरच बसवून घ्या. अलाइनमेंटचा खर्च शेकड्यांत असतो, टायरचा हजारांत.

यात्रेला निघण्याआधी

• आठ दिवस आधी : चाके उचलून प्ले तपासा, पाटे-यू बोल्ट बघा, ग्रीस मारा.

• चार दिवस आधी : टायरच्या तारखा, भेगा, फुगवटे, दोन टायरांत अडकलेले खडे, स्टेपनी बघा. अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग करा.

• आदल्या दिवशी : पाचही टायरांची हवा. जॅक, पाना, उटीचे दोन लाकडी ठोकळे गाडीत ठेवा.

• चाक काढून बसवले असेल तर नट समोरासमोरचे असे आलटून-पालटून आवळा आणि ५० ते १०० किलोमीटर झाल्यावर पुन्हा तपासा.

• वाटेत दर दोन तासांनी थांबा, टायरांकडे एक चक्कर मारा. एखादे चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापलेले लागले तर तिथेच कारण शोधा.

• परत आल्यावर : गाडी महिनोन् महिने उभी राहणार असेल तर टायरखाली डिझेल-ऑइल सांडलेले नको, टायरवर ऊन नको, हवा पूर्ण भरलेली हवी. पंधरा दिवसांतून एकदा गाडी थोडी पुढे-मागे करा, म्हणजे टायर एकाच जागी दबून सपाट होत नाही.

• दर ८ ते १० हजार किलोमीटरला, आणि तेवढे होत नसेल तर वर्षातून एकदा, टायर पुढचे मागे करा व अलाइनमेंट तपासा. मोठ्या खड्ड्यात चाक आदळले किंवा टाय रॉड बदलला, तर किलोमीटर न मोजता लगेच.

अलाइनमेंटचा छापील कागद, काट्याची पावती आणि टायरचे बिल एकाच पिशवीत गाडीत ठेवावे. पुढच्या वेळी टायर घासला तर दुकानदाराशी वाद घालायची गरज पडत नाही, कारण कुठे बिघडले ते तीन कागद समोर ठेवले की दिसते.